आबांना बस का नको असते

विसरवाडीच्या बसथांब्यावर उभं राहिलं, की महामार्गाची दोन्ही टोकं मनात येतात. पश्चिमेला नवापूर आणि पुढे सुरत. पूर्वेला कोंडाईबारीचा घाट चढून दहिवेल, साक्री आणि धुळं. धुळ्याला नात्यातलं लग्न आहे. घरातले सगळे सकाळीच तयार होऊन बसलेत. आबा मात्र खाटेवरून हलत नाहीत.

"तुम्ही जा. गुरांकडे कोणीतरी पाहिजे ना."

गुरांकडे बघायला शेजारी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. आबांनाही माहीत आहे. घाटात एखादा ट्रक आडवा झाला की बस तास-दोन तास जागची हलत नाही, आणि आबांना आता तासभरही दम निघत नाही. मागच्या खेपेला त्यांनी आदल्या संध्याकाळपासून चहा सोडला होता, सकाळी पाण्याचा घोट घेतला नव्हता. तरी घाट संपेपर्यंत जीव नकोसा झाला. कंडक्टरला विनवून बस थांबवली, झाडाआड जाऊन उभे राहिले, तर लघवी सुरूच होईना. मागे भरलेली बस हॉर्न वाजवत उभी. तेव्हापासून आबांनी लांबचा प्रवास बंद केला. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. सुनेसमोर बोलायची ती गोष्ट नव्हे, आणि मुलाला सांगावं तर तो म्हणणार, "वय झालं आबा, चालायचंच."

हे आबा कुणी एक गृहस्थ नाहीत. असे आबा, नाना, दादा गावोगाव आहेत. या प्रकरणात त्यांच्या त्रासाचं मूळ बघायचं आहे, आणि "चालायचंच" या उत्तरात कुठे फसगत होते तेही.

वाटेवर बसलेली गाठ

मूत्राशय म्हणजे ओटीपोटातली लघवीची पिशवी. तिच्या तोंडाशी, अगदी खाली, एक छोटी ग्रंथी असते. तरुणपणी तिचा आकार अक्रोडाएवढा, वजन साधारण 20 ग्रॅम. पुस्तकी मराठीत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, काही जण पौरुष ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात मात्र सगळे प्रोस्टेट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'पुढे उभा राहिलेला' असाच आहे. वीर्यातला काही द्रव तयार करणं हे तिचं काम. ते काम ती मुकाट्याने करते. अडचण आहे ती तिच्या जागेची. लघवीची नळी या ग्रंथीच्या बरोबर मधून जाते. ग्रंथी आतून वाढली की नळी चेपली जाते.

ही वाढ वयाबरोबर येते. शवविच्छेदनाच्या अभ्यासांत पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांत ती सापडली, आणि ऐंशीच्या पुढे दहातल्या आठ-नऊ जणांत. म्हणजे केस पिकण्यासारखीच ही गोष्ट. फरक इतकाच की केस पिकल्याने कुणाची वाट अडत नाही. वाढ झालेल्या सगळ्यांनाच त्रास होतो असंही नाही. कुणाची ग्रंथी लिंबाएवढी होऊनही धार चांगली असते, आणि कुणाची जेमतेम वाढलेली ग्रंथी नेमकी नळीच्या तोंडावर बसते. म्हणून सोनोग्राफीच्या कागदावर ग्रंथीचं वजन वाचून घाबरण्यात अर्थ नाही आणि वजन कमी दिसलं म्हणून निर्धास्त होण्यातही नाही.

ग्रंथी वाढते कशामुळे, याचा एक मोठा धागा डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातल्या लास सालिनास नावाच्या खेड्यात सापडला. तिथे काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसत, मुलगी म्हणून वाढत, आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं होई. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली या डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये याचं कारण प्रसिद्ध केलं. पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन याचं रूपांतर डीएचटी नावाच्या अधिक जोरकस संप्रेरकात करणारं विकर या मुलांत जन्मापासून कमी होतं. पुढे लक्षात आलं, की या पुरुषांची प्रोस्टेट मोठेपणीही लहानच राहते. म्हणजे ग्रंथीचं खतपाणी डीएचटी. ते तोडलं तर वाढ थांबेल, या विचारातून फिनास्टेराइड हे औषध घडलं आणि 1992 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज तीच गोळी नंदुरबारच्या औषधाच्या दुकानातही मिळते.

बैल आधी जोर लावतो, मग बसतो

खरी गोष्ट मात्र ग्रंथीच्या वर, मूत्राशयात घडते. मूत्राशय हा स्नायू आहे. पुढची वाट अरुंद झाली की तो जास्त जोर लावतो. चढावर गाडी अडली की बैल जसा खांद्याने रेटतो, तसा. रेटून रेटून मूत्राशयाची भिंत जाड होते, आतून दोरखंडासारख्या पट्ट्या उठतात. या काळात माणसाला वाटतं की सगळं ठीक आहे, कारण लघवी होत असते. पण जाड झालेला स्नायू चिडखोरही होतो. थोडी लघवी साठली तरी तो आकसतो. म्हणून घाई लागते, लघवी धरवत नाही, रात्री उठावं लागतं.

पुढे हा बैल थकतो. दरवेळी थोडी लघवी आत उरते, मग थोडी जास्त. साठलेल्या पाण्यात शेवाळ धरावं तसा उरलेल्या लघवीत जंतूंचा संसर्ग होतो, खडेही तयार होतात. सगळ्यात शेवटी पिशवी सैल पडते, काठोकाठ भरते आणि वरचं पाणी आपोआप ठिबकत राहतं. या अवस्थेत आबांचं धोतर सतत ओलं असतं, पण दुखत काहीच नाही. घरचे म्हणतात, लघवी अडली कुठे, उलट सारखी होते. आत मात्र लिटरभर लघवी तुंबलेली असू शकते आणि तिचा दाब उलट मूत्रपिंडांवर येतो. तक्रार करणाऱ्या म्हाताऱ्यापेक्षा तक्रार करायचं थांबलेल्या म्हाताऱ्याची काळजी जास्त करावी, ती यासाठी.

त्रासाचे दोन गट करता येतात. पहिला गट वाट अडल्याचा: लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, धार बारीक होणं, मध्येच तुटणं, कुंथावं लागणं, शेवटी थेंब थेंब पडणं, होऊनही पोट मोकळं झाल्यासारखं न वाटणं. दुसरा गट चिडलेल्या मूत्राशयाचा: वारंवार जाणं, घाई, रात्रीचं उठणं. डॉक्टर यावर सात प्रश्नांची एक यादी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, एकूण 35. सातपर्यंत त्रास सौम्य, 8 ते 19 मध्यम, त्यापुढे तीव्र. या यादीच्या शेवटी आठवा, वेगळा प्रश्न असतो: उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर तुम्हाला कसं वाटेल? उपचार किती आणि कोणता, हे ठरवताना या उत्तराला मोठं वजन असतं. लग्नाला जाता न येणं हेही त्या उत्तरातच येतं.

रात्री उठणारा प्रत्येक जण प्रोस्टेटचा नसतो

पाड्यावर रात्री उठणं म्हणजे नुसती झोपमोड नव्हे. अंधारात दार उघडायचं, अंगण ओलांडायचं, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात विंचवाची भीती. म्हातारपणी मांडीचं हाड मोडतं ते पुष्कळदा अशाच एखाद्या फेरीत. तेव्हा रात्रीचं उठणं हलक्यात घ्यायचं नाही. पण त्याचा सगळा दोष प्रोस्टेटवर टाकणंही बरोबर नाही.

मधुमेह असेल तर लघवी मुळातच जास्त होते. दिवसभर पायांवर सूज साठत असेल तर आडवं झाल्यावर ते पाणी रक्तात परततं आणि रात्री लघवीवाटे निघतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी कुणी संध्याकाळी घेत असेल, तर रात्र तिच्यातच जाणार. झोपताना घेतलेला चहा आहेच. आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: सिकलसेल. या आजारात, आणि काही प्रमाणात नुसत्या वाहकांमध्येही, मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते. पातळ लघवी जास्त होते, रात्रीही होते. असा माणूस तरुणपणापासूनच रात्री उठत असतो. घरात कुणाकडे सिकलसेलचं कार्ड असेल, तर ते आबांच्या तपासणीच्या वेळीही सोबत न्यावं.

हे वेगळं कसं काढायचं? त्याला यंत्र लागत नाही. मापाचं एक भांडं आणि शाळकरी नातवाची वही पुरते. तीन दिवस, किती वाजता आणि किती लघवी झाली एवढंच लिहायचं. दिवसरात्र मिळून जी लघवी होते तिचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग झोपेच्या वेळेत होत असेल, तर मूळ कारण प्रोस्टेटबाहेर शोधावं लागतं. दर खेपेला जेमतेम अर्धी वाटी होत असेल, तर बोट मूत्राशयाकडे जातं. ही तीन पानं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली की आबांना तोंडाने फारसं सांगावंही लागत नाही.

लघवी अडते तेव्हा

कधी कधी मात्र अचानक, पूर्ण अडते. ओटीपोट फुगतं, असह्य कळा येतात, माणूस घामाघूम होतो. बहुतेकदा याला काहीतरी निमित्त असतं. सर्दी झाली म्हणून दुकानातून घेतलेली गोळी हे त्यातलं नेहमीचं निमित्त. नाक मोकळं करणारी आणि झोप आणणारी काही औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात किंवा त्याचा जोर काढून घेतात. जास्त झालेली दारू हे दुसरं निमित्त. लघवी भराभर तयार होते, जाणीव मात्र बधिर असते, आणि ताणलेली पिशवी मग आकसतच नाही. बद्धकोष्ठ आणि प्रवासात फार वेळ धरून ठेवलेली लघवी, ही आणखी दोन.

अशा वेळी भरपूर पाणी पाजण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. तुंबलेल्या पिशवीत आणखी पाणी ओतल्याने वाट उघडत नाही. काढे देत, शेक देत रात्र घालवू नये. 108 ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठावं. विसरवाडीत ग्रामीण रुग्णालय आहे. नळी घालून लघवी काढणं हे काही मिनिटांचं काम आहे, आणि त्यानंतर माणसाच्या चेहऱ्यावर जो आराम दिसतो तो पाहण्यासारखा असतो. ही नळी, म्हणजे टोकाशी फुगा असलेला कॅथेटर, फ्रेडरिक फोली या अमेरिकी डॉक्टरांच्या नावाने ओळखला जातो. 1930च्या दशकातली ही साधी वस्तू अजून तशीच वापरात आहे. फक्त ती शिकलेल्या हातानेच घालावी. जोराने घुसवली तर लघवीच्या मार्गाला आतून जखम होते आणि पुढे तो कायमचा आकसतो.

हा त्रास जुना आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या वाताष्ठीलेत दगडासारख्या कठीण गाठीने वाट अडल्याचं वर्णन आहे. गाठ ओळखीची होती, तिला काढायची वाट सापडायला मात्र फार काळ गेला.

बोट, कागद आणि भीती

डॉक्टर गुदमार्गात बोट घालून ग्रंथी तपासतात. याच तपासणीच्या धास्तीने अनेक जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. तपासणी मिनिटभराची असते, लाज वाटते पण इजा होत नाही. ग्रंथी मऊ, रबरासारखी लागली तर साधी वाढ, दगडासारखी टणक किंवा खडबडीत लागली तर पुढचा शोध घ्यायचा. सोबत लघवीची तपासणी, रक्तातली साखर, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, आणि सोनोग्राफी. सोनोग्राफी दोनदा व्हावी: लघवी भरलेली असताना आणि लघवी करून आल्यावर. आत किती उरली, हा आकडा ग्रंथीच्या वजनापेक्षा मोलाचा आहे. रिपोर्टवर तो नसेल तर विचारून घ्यावा.

मग येते पीएसए नावाची रक्ततपासणी, आणि तिच्याबरोबर कर्करोगाची भीती. इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. साधी वाढ पुढे जाऊन कर्करोग होत नाही. साधी वाढ ग्रंथीच्या आतल्या, नळीभोवतीच्या भागात होते आणि कर्करोग बहुधा बाहेरच्या भागात. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून तपासणी करायची. पीएसए साध्या वाढीतही वाढतं, जंतुसंसर्गात वाढतं, नळी घातल्यावरही वाढतं. एका आकड्यावर निकाल लागत नाही. शिवाय फिनास्टेराइड चालू असेल तर सहा महिन्यांत हा आकडा जवळपास निम्मा होतो. ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली नाही तर वाढलेलं पीएसएही ठीक वाटू शकतं.

भीतीने काय होतं याचं एक मोठं उदाहरण ब्रिटनचे पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन यांचं. ऑक्टोबर 1963 मध्ये, वयाच्या 69व्या वर्षी, त्यांची लघवी अचानक अडली. आता काही खरं नाही अशा समजुतीत त्यांनी पद सोडायचं ठरवलं. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली. त्यानंतर मॅकमिलन 23 वर्षं जगले आणि 92व्या वर्षी वारले.

लघवीत रक्त दिसलं तर मात्र कारण काही का असेना, एकदा दिसून थांबलं तरीही, तपासणी करायचीच. आयुष्यभर बिडी-तंबाखू चाललेली असेल तर मूत्राशयाच्या कर्करोगाची शक्यता वाढते. ती प्रोस्टेटच्या नावाखाली झाकली जाऊ नये.

गोळ्या आणि त्यांची खोड

त्रास कमी असेल तर औषधाशिवायही भागतं. संध्याकाळनंतर पाणी-चहा कमी, दिवसा मात्र पुरेसं पाणी. शेतात राबणाऱ्या माणसाने लघवीच्या भीतीने उन्हाळ्यात पाणी तोडलं तर मुतखड्याला आमंत्रण. लघवी झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. पोट साफ ठेवायचं.

औषधं मुख्यतः दोन जातींची. टॅमसुलोसिनसारखी गोळी मूत्राशयाच्या तोंडाचे आवळलेले स्नायू सैल करते. गुण काही दिवसांत दिसतो, पण ग्रंथी तेवढीच राहते. या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री खाटेवर आधी बसायचं, मग उभं राहायचं. काहींचं वीर्य बाहेर पडत नाही किंवा कमी पडतं. त्याने अपाय होत नाही, पण आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरून गोळीच टाकून देतो. आणि एक सूचना मोतीबिंदूच्या शिबिराला जाणाऱ्या प्रत्येक आबांसाठी: ही गोळी चालू असेल, किंवा पूर्वी कधी घेतली असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यातल्या बाहुलीभोवतीचा पडदा लुळा पडू शकतो. डॉक्टरांना आधी माहीत असलं तर ते तयारीनिशी काम करतात.

दुसरी जात फिनास्टेराइडची. ती मोठ्या ग्रंथीसाठी. सहा महिने धीर धरावा लागतो, मग ग्रंथी सुमारे पाव हिश्शाने आटते. कामेच्छा कमी होणं हा तिचा काहींना जाणवणारा परिणाम. फुटलेली गोळी घरातल्या गरोदर बाईने हाताळू नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला ती बाधक ठरू शकते.

वाट मोकळी करणं

गोळ्यांनी भागत नसेल, लघवी पुन्हा पुन्हा अडत असेल, संसर्ग किंवा मूत्राशयात खडा होत असेल, मूत्रपिंडांवर ताण दिसत असेल, तर शस्त्रक्रिया टाळण्यात शहाणपण नाही. तिचा इतिहास आपल्या देशालाही चाटून जातो. पीटर फ्रेयर हे आयरिश सर्जन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये सुमारे वीस वर्षं उत्तर भारतात होते, मूत्राशयातले खडे फोडण्यात त्यांचा हात नावाजलेला. निवृत्त होऊन लंडनला गेल्यावर 1 डिसेंबर 1900 रोजी त्यांनी ओटीपोट उघडून, मूत्राशयातून बोटाने वाढलेली ग्रंथी सोलून काढली. संत्र्याचा गर सालीपासून सुटावा तशी ती सुटते, हे त्यांनी जगाला पटवलं. अशीच शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या युजीन फुलर यांनी आधी केली होती, त्यावरून वादही झाला.

आता बहुतेकदा पोट उघडावं लागत नाही. लघवीच्या मार्गानेच दुर्बीण घालून वाढलेला भाग आतून खरवडून काढतात. त्याला टीयूआरपी म्हणतात. लोक नुसतं 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतात. कमरेखाली भूल, काही दिवस नळी. मोठ्या ग्रंथीसाठी लेझरने सोलून काढण्याची पद्धतही आहे. साल तशीच राहते, गर तेवढा निघतो, म्हणून ऑपरेशननंतरही कर्करोगाची तपासणी संपत नाही. काही जणांत वीर्य पुढे न येता मूत्राशयात जातं. बैल पूर्ण बसलेला असेल, म्हणजे मूत्राशयाची ताकदच गेली असेल, तर वाट मोकळी करूनही लघवी सुटत नाही आणि नळी कायम राहते. वेळेवर जाण्याचा सगळा अर्थ या एका वाक्यात आहे.

खर्चाचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणतं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधीच विचारावं. विसरवाडीहून खांडबाऱ्याच्या रस्त्याने नंदुरबारला जिल्हा रुग्णालय आहे, 2020 पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

पुढच्या लग्नाच्या वेळी आबा पुन्हा गुरांचं नाव काढतील. तेव्हा सगळ्यांसमोर काही विचारू नका. मुलाने किंवा नातवाने त्यांच्यासोबत गोठ्याकडे जावं, आणि दावं सोडता-बांधता हळूच विचारावं, "आबा, लघवीला साफ होते ना?" पहिल्यांदा ते "होते" म्हणतील. थोडं थांबावं. बहुतेक आबा दुसऱ्यांदा विचारलं की सांगतात.